बॅटरी रिकामी करून आणावी

रविवार, ६ ऑक्टोबर, सकाळी सव्वासात. यंत्राची जाळी धुऊन खिडकीत वाळत घातली आहे. ती वाळेपर्यंत हे पत्र.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाळीचा फोटो मिळाला. आप्पांनी तो आरशाच्या कोपऱ्यात खोचला आहे, म्हणजे दाढी करताना दिसतो. नाक आपल्यावर गेलं आहे असं त्यांचं ठाम मत आहे. एवढ्याशा नाकावरून काय कळतं असं मी म्हणालो, तर दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

ते फोनवर बोलत नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. दोन वाक्यांत धाप लागते, ती तुला ऐकू जाते, तू रडतेस, आणि तुझं रडणं ऐकून त्यांना ठसका लागतो. कागदावर धाप ऐकू येत नाही. म्हणून तर आपल्या घरी पोस्टमन अजून जिना चढतो.

आता मुख्य गोष्ट. फुप्फुसाच्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण घासाघीस करूनच. फुप्फुसं आकसत चालली आहेत, नातीला बघायचं तर याच हिवाळ्याच्या आधी बघून या, पुढच्या वर्षी मी सही करीन असं समजू नका, असं त्यांनी आप्पांच्या तोंडावर सांगितलं. आप्पांनी मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे.

घरातला मोठा सिलिंडर विमानात चालत नाही. त्यासाठी दप्तराएवढं एक यंत्र भाड्याने मिळतं. ते हवेतूनच ऑक्सिजन गाळून नळीने नाकात सोडतं. विमान उंचावर असताना हवा विरळ लागते म्हणून यंत्र तीनच्या आकड्यावर ठेवायचं आहे. सीटजवळच्या प्लगच्या भरवशावर राहू नका, असं विमान कंपनीच्या काउंटरवरच्या बाईंनी बजावलं. प्रवास साडेनऊ तासांचा असेल तर त्याच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात, नाहीतर चढूच देणार नाहीत.

यंत्रवाला म्हणतो एक बॅटरी चार तास चालते. पण विकणाऱ्याच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? मी काल घरीच चाचणी घेतली. आप्पांना खुर्चीत बसवलं, नळी लावली, घड्याळ समोर ठेवलं. दर अर्ध्या तासाने बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला. मधे दूध आणायला गेलो, नळाचं पाणी भरलं, दुकानाची किल्ली द्यायला गेलो, तेवढंच. आकडा प्रत्येक वेळी चांगला आला. आणि बॅटरी चालली तब्बल पाच तास पन्नास मिनिटं! मला तर खरंच वाटेना. म्हणजे तीन बॅटऱ्यांत भागतं. चौथीचं भाडं वाचलं. विमान कंपनीच्या फॉर्मवर तीन लिहून टाकल्या.

एकच झालं. आप्पांनी यंत्रावर उशी ठेवली होती, घरघर डोक्यात जाते म्हणून. मी दोनदा उशी काढली, हवा कोंडेल म्हणून. दोनदा त्यांनी परत ठेवली. विमानात उशी ठेवू देतील का, हे काउंटरवरच्या बाईंना विचारायचं राहिलं.

फॉर्म मी चार वेळा वाचला आहे. शिक्क्याच्या दुकानात अक्षरं उलटी कोरायची असतात, त्यामुळे सरळ अक्षरांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. काही राहिलं असेल तर कळव. बाळीला माझ्या वतीने एक बोट धरायला दे.

तुझा,
बारक्या

मंगळवार, १५ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला असता, पण आपल्या एका खोलीत तू हॅलो म्हणालास की आप्पा कान टवकारतात. पत्र वाचून झालं की घरी नेऊ नकोस.

तू नववीत शाळा सोडलीस, पण हिशेबात तुला कुणी फसवू शकत नाही, हे मी दाजींना नेहमी सांगते. तरी तू फसलास, बाबा. यंत्रवाल्याने नाही फसवलं. विकणारा माणूस चारचे सहा सांगेल, सहाचे चार कशाला सांगेल? हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही?

आता आठव. आपण न्हाणीघरात असलो तरी बाहेरून दिवा घालवणारा माणूस कोण? तोंडाला साबण लावून मी अंधारात किती वेळा ओरडले असेन. पंखा, दिवा, रेडिओ, कुणी उठलं की खटका बंद. तो माणूस सहा तास यंत्र चालू ठेवून गप्प बसेल? मला उशीचा संशय येतो. ते यंत्र सुरू करताना टुं वाजत असेल. तू जिन्याने वर येताना पावलं वाजतात. पुढचं मी सांगत नाही.

पुन्हा चाचणी घे. या वेळी दूध नाही, पाणी नाही, किल्ली नाही. समोरून हलू नकोस. आणि रागावू नकोस त्यांच्यावर, माझ्या गळ्याची शपथ आहे. तीन बॅटऱ्या घेऊन तुम्ही समुद्रावर असताना यंत्र बंद पडलं तर, हा विचार आला की अंगावरचं बाळ खाली ठेवून मला नुसती बसून राहावंसं वाटतं. झोप लागत नाही. ती बाळीला लागत नाही म्हणून मला लागत नाही असं मी दाजींना सांगते.

जीव मुठीत धरून वाट बघणारी,
ताई

गुरुवार, २४ ऑक्टोबर, दुपारी अडीच. दुकानात जेवणाची सुट्टी आहे, डबा अजून उघडलेला नाही.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. काल सुट्टी काढून चाचणी घेतली. समोर स्टूल टाकून बसलो. रबराचा एक शिक्का कोरायला घेतला होता, म्हणजे मी पहारा देतो आहे असं वाटू नये.

अर्ध्या तासात आप्पांना दुधाची आठवण झाली. दूध आहे म्हणालो. मग पेपर. मग खाली पोस्टमनने हाक मारल्यासारखं वाटलं. मग दुकानमालक तुझ्या नावाने खडे फोडत असेल, जाऊन ये. मग खिडकीतून जळका वास येतो आहे, बघून ये कुणाचं काय जळतं आहे. मी हललो नाही. शेवटी डोळे मिटून बसले. तीन तास चाळीस मिनिटांनी यंत्राने बोंब मारली. बॅटरी संपली होती.

मी रागावणार नव्हतो, ताई. तुझी शपथ होती. पण तोंडातून निघून गेलं. माझ्या भरवशावर तुम्हाला नेतो आहे, वाटेत तुम्हाला काही झालं तर ताईला तोंड कसं दाखवू, असं म्हणालो. आवाज चढला होता. त्यांनी उशी उचलून पलंगावर ठेवली आणि तिकडे तोंड करून बसले. रात्री मी पांघरूण घालायला गेलो तर झोपल्याचं सोंग केलं.

आता खरी अडचण. घरापासून विमानतळ, तिथलं थांबणं, प्रवास आणि उतरल्यावरचा वेळ धरला तर पाच बॅटऱ्या हव्यात. यंत्रवाल्याकडे चारच आहेत. पाचवी दुरुस्तीला गेली आहे, कधी येईल ते त्यालाही माहीत नाही. फॉर्म नव्याने भरावा लागणार. डॉक्टरीणबाईंचा दाखला प्रवासाच्या आधी दहा दिवसांच्या आतला हवा, म्हणजे तोही पुन्हा. तिकीट बदललं तर पैसे जातात, आणि पैशांपेक्षा हिवाळा जवळ येतो. मी सगळीकडे विचारतो आहे. कोरतानाही डोक्यात बॅटऱ्यांचाच हिशेब चालू असतो. आज एका वकिलांच्या शिक्क्यातला अनुस्वार उडाला.

तुझा लोभ असाच राहू दे, त्याची या महिन्यात जरा जास्त गरज आहे.

तुझा,
बारक्या

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बारक्याने तुला सगळं कळवलंच असेल. तो दुकानात गेल्यावर लिहितो आहे. हळूहळू लिहितो, मधे थांबतो, म्हणून अक्षर एकसारखं नाही.

मी यंत्र बंद करत होतो हे खरं आहे. पॉलिशच्या कारखान्यात मोटर रिकामी फिरताना दिसली की मालक आमच्या रोजातून कापायचा. चाळीस वर्षं ताटं-वाट्या घासताना कान मोटरकडे असायचा. ती सवय हाडात मुरली आहे. नुसता बसलो आहे आणि माझ्यासाठी एक यंत्र घरघर करतं आहे, हे मला सोसत नाही. पोरगा त्याचं भाडं भरतो. त्याच्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला आहे, तो सुतळीने बांधतो, हे तुला त्याने लिहिलं नसेल.

दुसरीही एक गोष्ट आहे. ती त्याला सांगितली नाही. दिवसातून काही वेळ यंत्राशिवाय बसायची सवय झाली तर तुझ्या घरी पोहोचल्यावर नळी काढून ठेवता येईल असं वाटत होतं. बाळीने पहिल्यांदा आजोबा बघावा तो नाकात नळी खुपसलेला बघू नये. ती घाबरेल. लहानपणी तू मुखवट्याला घाबरायचीस.

हे वाचून हसू नकोस आणि रडू नकोस. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझे,
आप्पा

शनिवार, २ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोहोचलं तर बरं, म्हणून जास्तीचं तिकीट लावलं आहे. ती उधळपट्टी समजू नका.

हसले नाही. दुसरं काय केलं ते विचारू नका.

आप्पा, बाळी सहा आठवड्यांची आहे. तिने आजवर एकही आजोबा बघितलेला नाही. तुम्ही नळी लावून आलात तर आजोबा नळीसकटच असतात असं ती समजेल, आणि पुढे बिननळीचा एखादा दिसला की त्यालाच घाबरेल. तुमच्या जावयांना दाट दाढी आहे, तरी ती हसते त्यांच्याकडे बघून. तुमचं तर नाक तिच्यासारखं आहे म्हणता.

मला घाबरलेला बाप चालेल, दमलेला चालेल, नळीचा चालेल. वाचवलेल्या बॅटऱ्या घेऊन न पोहोचलेला चालणार नाही. एवढं एकच आयुष्यात माझं ऐका. बारक्यासाठी चपला मी इथे घेऊन ठेवल्या आहेत, त्याला सांगू नका.

तुमची वाट बघून दाराची कडी झिजवणारी,
ताई

शनिवार, ९ नोव्हेंबर, आपल्याकडच्या घड्याळात रात्रीचे अकरा. विमानात आहे. खाली काय आहे दिसत नाही. आप्पांच्या यंत्राच्या बटणाजवळ हात ठेवून दुसऱ्या हाताने लिहितो आहे.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुझ्या हातात द्यायचं आहे. जागं राहण्यासाठी लिहितो आहे.

पाचव्या बॅटरीचं फोनवर नीट सांगता आलं नाही. यंत्रवाल्याने एका मुख्याध्यापिकाबाईंचा पत्ता दिला. निवृत्त आहेत, एकट्या राहतात, तेच यंत्र वापरतात. घरात त्या प्लगवर असतात. जास्तीची बॅटरी फक्त संध्याकाळी बागेतल्या बाकावर जाऊन बसायला लागते. ती आम्ही नेली तर आम्ही परत येईपर्यंत त्यांची बाग बंद. मला मागायचा धीर होईना. आप्पाही बरोबर यायला हटून बसले होते, सिलिंडर ट्रॉलीवर ओढत. त्यांनीच मागितली. ताई, आप्पांनी कुणाकडे काही मागितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

बाईंनी सगळं विचारून घेतलं, उशीसकट. मी सांगायला नको होतं, पण त्यांच्यापुढे खोटं बोलवत नाही. मग त्यांनी आप्पांना असं फैलावर घेतलं की मलाच वर्गात उभं केल्यासारखं वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाने उशीखाली यंत्र दडपून बसायचं म्हणजे पोरखेळ आहे, म्हणाल्या. भाडं घेणार नाहीत. अट एकच. बॅटरी रिकामी करून आणायची. अर्धीमुर्धी वाचवून आणलीत तर दारातून परत पाठवीन, असं म्हणाल्या. आप्पा खाली मान घालून हो म्हणाले. जिन्यावरून उतरताना मला विचारत होते, बाई कुठल्या शाळेत होत्या.

दाखला आणि फॉर्म वेळेत झाले. तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी आलं. आप्पांनी ते मला दाखवलं नाही, शर्टाच्या खिशात ठेवलं आहे.

प्रवास सरळ झाला नाही. विमानतळावरचा प्लग मेलेला निघाला, म्हणून घरातून निघताना लावलेली पहिली बॅटरी तिथेही चालूच ठेवावी लागली. मग विमान जमिनीवरच दोन तास उभं. मी दर पंधरा मिनिटांनी चिमटा लावत होतो, शेवटी आप्पांनी हात खिशात घातला. तिसरी बॅटरी संपली तेव्हा खाली नुसता काळोख होता आणि पोहोचायला खूप वेळ होता. तीनच आणल्या असत्या तर. पुढचा विचार करवत नाही. मी पाणी प्यायलो आणि चौथी लावली.

मग माझा डोळा लागला. किती वेळ ते कळलं नाही. दचकून जागा झालो आणि पहिला हात यंत्रावर टाकला. चालू होतं. आप्पा जागे होते आणि बटणावर त्यांचाच हात होता, झाकून धरलेला, कुणाचा धक्का लागून बंद होऊ नये म्हणून. म्हणाले, झोप तू, चाळीस वर्षं मोटर सांभाळली आहे मी.

आता आम्ही उतरणार तिथे धुकं आहे म्हणून विमान वर घिरट्या घालतं आहे. चौथी संपत आली तेव्हा पिशवीतून पाचवी त्यांनीच काढून दिली. आकडा चांगला आहे. माझा जीव अजून भांड्यात पडलेला नाही, तो खाली उतरल्यावर पडेल.

खर्च लिहून ठेवतो, नंतर आठवणार नाही. यंत्राचं महिन्याचं भाडं नऊ हजार, दिले. चार बॅटऱ्यांचं चार हजार, दिले. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही दाखले मिळून अठराशे, दिले. अनामत पंधरा हजार, परत मिळायची. दुकानमालकाकडून उचल बारा हजार, देणं, पगारातून कापतील.

मुख्याध्यापिकाबाईंची एक बॅटरी, रिकामी, देणं. ती तुझ्या घरी पोहोचेपर्यंत संपणार नाही, तासभर तरी उरेल. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, काळजी करू नकोस, तो तास बाळीला मांडीवर घेऊन खर्च करतो, यंत्र चालू ठेवून.