पाण्याला ठेवलेला मासा

११ एप्रिल, शुक्रवार

आज सकाळी बावखलातला, आमच्या वाडीतल्या तळ्यातला, जिताडा माझ्या गळाला लागला आणि मी तो सोडून दिला.

उजाडायच्या आधीच पायरीवर बसलो होतो. गळाला आमिष म्हणून जिवंत चिलापी, छोटी मासळी. ओढ आली तेव्हा दोरीनं बोट कापलं. हळूहळू पायरीशी आणला — हातापेक्षा लांब, पाठ काळपट, डोळा तांबूस. ओठातून गळ काढला, पाण्यातच दोन्ही हातांनी धरून ठेवला. कल्ले नीट हलायला लागले तसे हात उघडले.

घरी आलो तर दादा अंगणात दात घासत होता. लागला का, म्हणाला. मी नकारार्थी मान हलवली. पन्नाशीला आलो आणि अजून भावापुढे हे असं!

१२ एप्रिल, हनुमान जयंती

देवळात हात जोडले, पण कालचं खोटं मध्ये मध्ये येत राहिलं. निदान इथे तरी खरं लिहावं.

दादाला बावखल बुजवायचंय. त्या जागी लग्नाचं लॉन. पापडी गावात आता सगळ्यांना लॉनच हवं, म्हणतो. आजोबांच्या वेळेपासून वाडीला याच बावखलाचं पाणी. उन्हाळ्यात ते उतरलं की मासे काढून घरोघरी वाटे घालतो. पण एक मासा पाण्याला ठेवायचा, ही आमची रीत. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, त्यांच्या शेवटच्या वर्षी खाडीतून जिताड्याचं पिल्लू आणून सोडलं, तेव्हापासून ठेवतो तो हाच.

आईनं दादाला सांगितलंय — यांचा मासा आत आहे तोवर माती पडायची नाही. दादा आईचा शब्द मोडत नाही. मी दादाचा मोडत नाही. तळाला माडाचे ओंडके पडलेत, जाळं अडकतं. म्हणून दादानं गळ माझ्या हातात दिला. मासा निघाला की आईची अट संपली.

मला बावखल हवंय. हे दादाला कधी सांगितलेलं नाही.

१५ एप्रिल

दादानं मातीचा डंपर सांगून ठेवला. अक्षय तृतीयेचा मुहूर्त. तोवर काढ, म्हणाला.

१६ एप्रिल

गेलो. गळाला आमिष लावलंच नाही. तासभर बसून आलो.

२० एप्रिल, रविवार

पलीकडच्या वाडीतला आलोशियस इस्टरचा केक घेऊन आला. बावखलाकाठी उभा राहून हसत होता. "चंद्या, रोज सकाळी याच्या दारात येऊन बसतोस. आता हा आधार कार्ड मागेल तुझ्याकडे."

मग गंभीर झाला. पाणी फार उतरलंय, तळ तापतोय, म्हणाला. "हा गोड्या पान्यात वाढतो, पन पिल्लं नाय देत. त्याला खारं पानी लागतं. एकटाच राहिला बिचारा."

जेवताना हेच डोक्यात होतं. वसूनं दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो. बायकोलाही तेच!

२१ एप्रिल

विहिरीवरचा पंप लावून पाणी बावखलात सोडलं. दादाला सांगितलं, चाफ्याला पाणी देतोय. आणखी एक खोटं.

जिताडा पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबला. बरं वाटलं.

२२ एप्रिल

पंप.

२४ एप्रिल

सकाळी पहिला घोट घेऊन वसूनं कप खाली ठेवला. चहा खारट लागतो, म्हणाली. मी विहिरीवर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायलो. मचूळ!

लहानपणापासून माहीत आहे मला. आमच्या विहिरी एप्रिलात उपसायच्या नाहीत. गोडं पाणी वर आहे तेवढंच, खालून खारं चढतं. अण्णा पंपाचा फ्यूज काढून उशाशी ठेवायचे. आणि मी एका शब्दाची भीती वाटते म्हणून चार दिवस विहीर उपसत बसलो. सोनचाफ्याची पानं कडेनं करपलीत. वसूच्या हातच्या कलमांची.

पंप बंद केला. वसूला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जड गेलं. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

२६ एप्रिल

पाणी गुडघाभर. जिताडा वर तोंड काढून राहतो. पूर्वी माझी सावली पडली की ओंडक्याखाली जायचा. आता तिथेही पाणी नाही. मला उठता येईना, बघवतही नव्हतं.

राहिला तर मरेल. मेला तर माती. काढला तरी मातीच.

२८ एप्रिल

पहाटे दिवा लावून बावखलावर गेलो तर आई आधीच पायरीवर. काठी टेकवून पाण्याकडे बघत होती. मी बाजूला बसलो. 

मग म्हणाली, "ओठाला जखम आहे त्याच्या. तुझ्या गळाला लागला होता ना?"

मी हो म्हणालो.

"मी या माशाचं नाव पुढे करून तुझ्या दादाला थांबवलं. तूही त्याच्याच आड बसलास. एवढ्याशा मुक्या जिवावर किती घालायचं, चंदू?"

मी तिचा हात धरून तिला घरात आणलं. दादा समोरच होता. त्यानं परवाच्या मुहूर्ताची आठवण करून दिली. मी मान हलवून पुढे गेलो.

संध्याकाळी आलोशियसला विचारलं, टेम्पो मिळेल का. कशाला, त्यानं विचारलं नाही. निळं पिंपही देतो म्हणाला.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

पहाटे बावखलात उतरलो. ओल्या गोणपाटात घेतला, त्यानं शेपूटही मारली नाही. आलोशियसनं टेम्पो किल्ल्यामागे खाडीच्या धक्क्यापर्यंत नेला. भरती होती. पाण्यात धरला, कल्ले हलेपर्यंत. मग गेला.

परत आलो तेव्हा डंपर फाटकाशी उभा होता आणि दादा ड्रायव्हरशी बोलत होता. माझे कपडे चिंब.

"दादा, मासा मी खाडीत सोडला. बावखल बुजवायचं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आईनं सांगितलं?"

"नाही. मी सांगतोय."