अक्षता मुठीत धरा

प्रताप नगर, नागपूर
२६ फेब्रुवारी १९७८

प्रिय तारा,

आधी बकरीची खबर. मारोतरावांची बकरी व्याली, आणि त्यांनी पिल्लाचं नाव मधुकर ठेवलं! शेजारून हाक आली की मी वळून बघतो, आणि तुझी आई हसत सुटते. मारोतरावांच्या गाद्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हा मी त्या बकरीला सोडवायला धुरात शिरलो. ती माझ्याआधी बाहेर आली आणि मी धंतोलीच्या दवाखान्यात पोचलो. आई अजून म्हणते, "तिले समजलं बाहेर पडाचं, तुमाले नाही!"

धूर छातीत असा बसला की जिना चढताना अर्ध्यात टेकावं लागे, आणि सूर लावला की खोकला. त्यात तू विश्वनाथला कळवून टाकलंस, बाबांनी मंगलाष्टक म्हटल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार नाही. तो भला माणूस, थांबला. पण पोरी, माझी झोप उडाली. आवाज परत आलाच नाही तर तू काय जन्मभर अडून बसणार?

दवाखान्यात प्रेमिलाबाई श्वासाचा व्यायाम शिकवतात. पहिल्याच दिवशी मी ऐटीत छाती फुगवली आणि खोकून लाल झालो. त्या म्हणाल्या, "काका, पहलवानी काहून करून राहिले? श्वास सोडाले शिका आधी." नाकाने सावकाश घ्यायचा, पोटावरचा हात वर आला पाहिजे. मग ओठ आवळून, बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसा सोडायचा. चहावर नुसती लाट उठावी, सांडू नये. घरी आई खरोखरच बशी समोर ठेवून बसू लागली. सुरुवातीला तिच्या लुगड्यावर किती चहा उडाला म्हणून सांगू! हळूहळू लाट नीट पलीकडे जाऊ लागली, खोकला कमी झाला. चहा मात्र रोज गारच प्यावा लागतो.

परवा नंदनवनात धोंडबाच्या मुलीचं लग्न होतं. मला राहवेना, सूर लावलाच. पूर्वी मी शेवटचं 'शुभमंगल सावधान' एका दमात ओढायचो, हे सगळ्यांना ठाऊक. या वेळी 'शुभमंगल' म्हटलं आणि श्वासासाठी थांबलो. लोकांना वाटलं, झालं! अक्षता उधळल्या, बँड सुरू, अंतरपाट खाली, नवरीने हारसुद्धा घातला. मी हात वर करून ओरडलो, "अरे थांबा गा, सावधान बाकी आहे!" मांडव हसून लोटपोट. पुन्हा अंतरपाट धरला, पुन्हा अक्षता वाटल्या, आणि मी ते कडवं पहिल्यापासून 'सावधान'पर्यंत म्हटलं. एकदाही खोकलो नाही, तारा. आई पदराने डोळे पुसत होती, आणि मीही काही कमी रडलो नाही.

म्हणून हे पत्र. आज सकाळीच गुरुजींकडून वैशाखातला मुहूर्त काढून आणला, विश्वनाथच्या घरीही कळवलं. आता हट्ट पुरे मास्तरीणबाई, शाळेत रजेचा अर्ज टाक. तुझ्या मैत्रिणींना मात्र बजावून ठेव, मी मध्येच थांबलो तर अक्षता मुठीतच धरायच्या. आणि तूही हार घालायची घाई करू नकोस. माझा श्वास येईपर्यंत विश्वनाथ थांबेल. त्याला आता सवय झाली आहे.

तुझाच,
थोरला मधुकर, म्हणजे बाबा