चौकटीचा मान

आनेकल, बेंगळूरू
४ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आप्पा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला. फोन केला की तुम्ही तो आईकडे देता, म्हणून लिहिते आहे.

कारखान्यात काम वाढलंय. सर्जापूर रोडच्या फ्लॅटांतून काढून टाकलेल्या दारांच्या चौकटी आमच्याकडे येतात. प्लॅस्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या. त्या ना भंगारवाला घेतो, ना चुलीत घालता येतात. आम्ही त्या दळून पुन्हा चौकटी करतो. खिळे, बिजागऱ्या काढायला यल्लव्वा आहे. "अक्का, एवढं शिकून कचराच निवडायला आलीस?" म्हणते आणि माझ्या डब्यातली चटणी संपवते.

दळलेला माल नीट वाळला नाही तर भुसा पाणी धरतो, चौकटीला फोड येतात. आमच्याही आले. मालक प्रदीपकुमार म्हणाले, "राहू द्या हे." मी राहू दिलं नाही. किती वाळवायचं, नवा माल किती घालायचा, ते बसवलं.

घरातली पहिली पदवी भुशात गेली, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगता. सांगा.

आपल्या गावातल्या यल्लाप्पाकाकांच्या नव्या घराचं आईकडून कळलं. चौकट बेळगावच्या दुकानातून तयार आणली, तरी गावचे सुतार तुम्ही, म्हणून रिवाजाप्रमाणे सुताराच्या मानाचं उपरणं-नारळ ते तुमच्याकडेच घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "मी घडवली न्हाई, मान कशाचा घेऊ? जेनं केली तेला दे."

"तेला कुठं हुडकू?" म्हणाले काका. मान दिल्याशिवाय भिंत चढवायची नाही, म्हणून गवंडी बसून आहेत.

आईने चौकटीचा फोटो पाठवला. कापलेल्या कडेला तांबूस रेघ आहे. ती जुन्या, सागवानी रंगाच्या चौकटींची. मालक वरून रंग मारा म्हणत होते, मीच नको म्हटलं. तो माल बेळगावच्या त्याच दुकानाला गेला होता.

आप्पा, ती चौकट मी केली आहे.

तुमच्या हातचं काम माझ्यामुळे गेलं, हे कळल्यापासून जेवण गोड लागत नाही. पण चौकट वाईट नाही. उद्या सांधा उघडला, दार अडकलं, तर जबाब माझा.

रविवारी सकाळी येते. काकांना सांगा, चौकट करणारी येते आहे. उपरणं माझ्या खांद्यावर तुम्ही घालावं, असं वाटतं. नाही घातलंत तर काकांच्या हातून घेईन. पण घेईन.

तुमच्याच घरची सुतार,
शिवलीला