पुंडलिकरावांच्या कागदावरचा अंगठा

मी, यमुनाबाई, कालकथित सुखदेव सोमकुवर यांची पत्नी, वय सत्तरच्या आसपास (जन्मले तेव्हा जाम नदीला पूर होता, एवढेच माहीत), धंदा संत्र्याच्या बगिच्यात मजुरी, राहणार पांढुर्णा, हे मृत्युपत्र सौंसरच्या कचेरीसमोर बसून अर्जीनवीस वामन यांच्याकडून लिहवून घेते. डोके ठिकाणावर आहे. "कोणाच्याही दबावाखाली नाही" असे वामन लिहू लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. भीती हाही दबावच. यमुना भ्याली आहे, असे लिही.
"आजी, असं कोणी लिहीत नाही."
"मंग तू लिहिणारा पयला."

कलम १. माझे कवेलूचे दोन खोल्यांचे घर अर्धे मुलगा भाऊराव याला आणि अर्धे त्याची मुलगी चंद्रकला हिला. चंद्रकला एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते. पोरगी नंतर जन्मली, जीभ आधी.

कलम २. माझा विळा आणि खुरपे शेजारीण शकुबाईला. तसेही ते वर्षातले दहा महिने तिच्याच घरी असतात.

कलम ३. पोरगी अशी का निघाली म्हणून लोक मला विचारतात. थोडा दोष माझा. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चाले, तेव्हा सगळे माना डोलवत. मी एकटी मागून ओरडे, "नाही समजलं, परत वाचा!" ती नऊ वर्षांची असताना वाचणाऱ्याचा घसा बसला आणि तिला पाटावर बसवले. तिने एक पान वाचले, थांबली आणि पुढच्या रांगेतल्या मोठ्या माणसांना म्हणाली, "आता तुम्ही सांगा, काय समजलं?" डोलणाऱ्या माना थांबल्या. मला इतके हसू आले की विहाराबाहेर जावे लागले. तेव्हा हसले. आता हसू येत नाही.

कलम ४. यंदा उन्हाळ्यात बगिच्याचे मालक पुंडलिकराव यांनी आमच्या स्मशानाकडे जाणारी पांदण काटेरी तार ओढून बंद केली आणि त्यात संत्र्याची रोपे लावली. आता मयत खांद्यावर घेऊन दीड कोसाचा वळसा पडतो. चंद्रकलेने अर्ज लिहिला, घरोघरी वाचून दाखवला, एक्केचाळीस जणांच्या सह्या आणि अंगठे घेतले. सर्वांत वरचा अंगठा माझा. दहा सप्टेंबरला येथे सौंसरला साहेबांपुढे सुनावणी आहे.

कलम ५. हे घरात कोणाला माहीत नाही. परवा पुंडलिकरावांनी मला बोलावून घेतले. खुर्ची दिली. चाळीस वर्षे त्यांच्याकडे राबले, खुर्ची पहिल्यांदा. तेव्हाच मला कळायला हवे होते.
"यमुनाबाई, तुमची नात गोटमारीत जखमी लोकांना पट्ट्या बांधाले काठावर जाते नं?"
"हाव जी. दरसाल जाते."
"चांगलं काम करून राहिली. पण जपून राहा म्हणा. गोट्यावर कोणाचं नाव नसते."
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या एका काठावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात. जुनी रीत आहे. कोणी मेला तर रीतीने मेला. चंद्रकलेचा आजोबा असाच गेला. कपाळावर लागला, तिसऱ्या दिवशी संपला. शिपायाने विचारले, कोणी मारला? मी म्हटले, नदीला विचारा.
मग पुंडलिकरावांनी तयार कागद काढला. अर्जात काय होते ते मला समजले नाही, नातीने फसवून अंगठा घेतला, असे त्यात होते. मी तो दोनदा वाचून दाखवायला लावला. शब्द न् शब्द समजला. आणि अंगठा लावला. आता सुनावणीत माझी नात माझ्याच तोंडाने खोटारडी ठरणार.

~~कलम ६. चंद्रकलेने पोळ्याच्या आधी नागपूरला मावशीकडे निघून जावे आणि अर्ज सोडून द्यावा. न गेल्यास तिला घर मिळणार नाही.~~
(हे कलम मीच सांगितले होते. वामनने वाचून दाखवले, तेव्हा मला पुंडलिकराव बोलत असल्यासारखे वाटले. रेघ माझ्या सांगण्यावरून मारली आहे.)

कलम ७. पुंडलिकरावांच्या कागदावरचा मजकूर खोटा आहे. अंगठा मी भीतीपोटी लावला. अर्जावरचा अंगठा खरा. वामन म्हणतो, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. माझे मरण दहा तारखेपर्यंत येईलच, अशी खात्री कोण देणार? म्हणून हा कागद मी जिवंत असतानाच साहेबांपुढे वाचावा. आजच घरी जाऊन पोरीला सगळे सांगते. ती रागावेल, पण गोटमारीला जाणारच. मीही जाईन, तिच्याजवळ बसून लुगड्याच्या चिंध्या फाडून देईन. पाय आतापासून कापतात. बसून कापले तर कोणाला दिसणार नाही.

कलम ८. दोन साक्षीदार लागतात. एक वामन. सोबत आलेल्या शकुबाईला विचारले, तर म्हणाली, "माय, मले लेकरंबाळं आहेत." मी तिला वाईट म्हणत नाही, विळा तिचाच. मग मला येथे आणणाऱ्या भाऊरावाला हाक मारली. तो पानठेल्याआड उभा राहून न ऐकल्यासारखे करत होता. तो पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर चालवतो. वामन म्हणाला, ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष टिकत नाही. मग काढ त्याचा वाटा, मी म्हटले. पूर्ण घर चंद्रकलेचे. कलम १ तेवढ्यापुरते रद्द.
भाऊरावाने कागद सगळा वाचला. मग म्हणाला, "माय, घर तं गेलंच. आता नौकरी बी जाईन."
"जाईन बाबा."
त्याने वामनकडे पेन मागितला.

वाचून दाखवले, दोनदा. कबूल.

यमुनाबाई सुखदेव सोमकुवर (डाव्या हाताचा अंगठा)
मुक्काम सौंसर, दिनांक २७ ऑगस्ट १९८६

साक्षीदार:
१. वामन, अर्जीनवीस, सौंसर (सही)
२. भाऊराव सुखदेव सोमकुवर, राहणार पांढुर्णा, धंदा ट्रॅक्टर ड्रायव्हर, पुंडलिकरावांकडे, आजपर्यंत (सही)