एका शालीचे दोन मानकरी

ती. दाजी यांस,

नाशिक रोडहून रंगनाथचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या नाशकातल्या त्या वाहनांच्या लोंढ्यात द्वारकेचा चौक ओलांडणारा माणूस गुडघ्यांवर नव्हे, नशिबावर चालतो. तेव्हा ऑफिसात बसूनच राहा, तुमच्या मिनीबस तुमच्याशिवायही अडकून पडतातच. ताईला सांगा, तिने पाठवलेला काळा मसाला संपला. मी बरा आहे. (मुख्याध्यापकाने याहून जास्त बरं असू नये, वरून चौकशी लागते.)

तुम्ही मागे विचारलं होतं, पेठकडच्या आमच्या शाळेला एका कंपनीने दत्तक घेतलं म्हणे, त्याचं पुढे काय झालं? दत्तक गेलेल्या पोराला निदान घर मिळतं, आम्हाला नवा बोर्ड मिळाला. पण सुरुवातीपासून सांगतो. आधी कंपनीचं पत्र आलं की, एस. पवार, विभागप्रमुख, चार स्वयंसेवकांसह येतील. सोबत शाळेच्या गरजांचा तक्ता होता, तोही त्यांनीच भरलेला. गरज काय, तर वीस टॅब. (आमच्या गावात रेंजसाठी टेकडी चढावी लागते, पण तक्त्यात टेकडीला रकाना नव्हता.) मी आपली शाल, श्रीफळ आणि लेझीम अशी तयारी ठेवली.

गाडी आली. पुढून उतरले पांढऱ्याशुभ्र सफारीतले, पिकल्या मिशांचे एक रुबाबदार गृहस्थ. मागून उतरली पिवळ्या टी-शर्टातली पाच पोरं-पोरी, रंगाचे डबे घेऊन. दाजी, माझ्या जागी तुम्ही असता तरी हेच झालं असतं. मी गृहस्थांना हाताला धरून खुर्चीकडे नेलं आणि पिवळ्या टी-शर्टातल्या एकीला, डबे व्हरांड्यात ठेव गं, असं फर्मावलं. गृहस्थ म्हणत होते, "गुरुजी, मी नाय हो, मी नाय!" आता सत्काराला पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस तुम्ही आपल्याकडे पाहिलाय का? (माझ्या निरोप समारंभात मीही तीनदा नको म्हणणार आहे, सराव चालू आहे.) त्यामुळे ते जितकं नको म्हणाले तितका माझा आदर वाढत गेला. शाल पडली, नारळ हातात बसला, लेझीम थांबली आणि माइक त्यांच्यापुढे आला.

समोर साठ पोरं टाळ्या वाजवतायत, बिचाऱ्याने करावं तरी काय? त्याने विचारलं, "पोरांनो, काय पायजे तुम्हाला?" अकरा वर्षांत या शाळेत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. (मीही नाही.) चौथीतली ललिता उठली. "हापसा मोडलाय. पाणी आणाया ओहळावर जातो, मग पहिला तास बुडतो." तो म्हणाला, "रविवारी करून देतो." पुन्हा टाळ्या. तेवढ्यात पिवळ्या टी-शर्टातली ती मुलगी, हातात डबा तसाच, पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "जयराम, गाडीची चावी द्या. बॅनर आत राहिलाय."

ती स्नेहल पवार. विभागप्रमुख. आणि जयराम तिचा ड्रायव्हर.

शाल एकच होती. पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुम्ही घरचे आहात. जयरामच्या खांद्यावरची शाल काढायला मी हात पुढे केला. त्याने मला काढू दिली नाही. स्वतःच काढली, नीट घडी घातली आणि म्हणाला, "घ्या गुरुजी, एकदाच अंगावर पडलीये." सत्कार पुन्हा झाला. लेझीमही पुन्हा, नारळ तोच. मग मॅडम भागीदारीवर चाळीस मिनिटं बोलल्या. उद्योग आणि शाळा ही एका रथाची दोन चाकं आहेत म्हणाल्या. (रथात बसणार कोण, ते भाषणात आलं नाही.) नंतर त्यांनी अर्धी भिंत रंगवली. ऊन चढल्यावर उरलेली अर्धी आमच्या पोरांनी रंगवली.

रविवारी जयराम आपल्या मोटरसायकलवर आला. सुट्टी त्याची, पाने त्याचे, वायसरही त्यानेच विकत आणलेले. दुपारी हापशाला पाणी आलं. मी कौतुकाने फोटो काढून मॅडमना पाठवला, आणि इथेच शेण खाल्लं. महिन्याने कंपनीचा गुळगुळीत अहवाल आला. पहिल्याच पानावर, "आमच्या भागीदारीतून गावाला पाणी." फोटोत हापसा आहे, धार आहे, ललिता आहे, आणि दांड्यावर कोपरापर्यंत एक हात आहे. बाकीचा जयराम कापलेला.

त्याच आठवड्यात कानावर आलं की, कंपनीच्या नावाने परस्पर आश्वासन दिलं म्हणून त्याला काढायचं घाटतंय. मला राग आला, दाजी. मी मॅडमना फोन लावून ठणकावून सांगितलं की खुर्चीत त्याला मी बसवलं, चूक माझी. तुमची भागीदारी गेली खड्ड्यात, पण सज्जन माणसाच्या पोटावर पाय येऊ देणार नाही! तरी सोमवारी त्याला काढलंच. ठेकेदाराचा माणूस, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं.

टॅब कपाटात सुखरूप आहेत. ताईला नमस्कार, अमोलला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
रंगनाथ

ता.क. ओझरच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या तुमच्या मिनीबसला ड्रायव्हर हवाय, असं ताई म्हणत होती. जयराम वीस वर्षं गाडी चालवतोय, तंबाखूसुद्धा खात नाही. त्याला घ्याच.

ता.क. २. त्याला माझं नाव सांगू नका. भिडस्त माणूस आहे, उगाच उपकाराचं ओझं वाटेल.

ता.क. ३. ते ओझ्याचं खोटं आहे. फोन मी लावला होता हे खरं. पण मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्हाला दोन वर्गखोल्या द्यायचा विचार आहे. फक्त ड्रायव्हर आपणहून खुर्चीत बसला, एवढा एक कागद लागेल. ठणकावायचं राहून गेलं. कागद मी दिला, शाळेच्या शिक्क्यासह, माझ्या सुवाच्य अक्षरात. जयरामला काढताना तोच वाचून दाखवला. म्हणून, शिफारस कोणाची असं त्याने तुम्हाला विचारलं, तर ललिताची सांगा. ती आता पहिल्या तासाला वेळेवर असते.