बरं होण्याची जागा

२ जानेवारी
उद्घाटन पार पडलं. आईच्या नावाचं आरोग्यधाम! दुखण्यातून उठलेल्या कामगारांनी इथे यावं, चार घास नीट खावेत, उन्हात बसावं, अंगात ताकद आली की घरी जावं. आप्पा भाषणात अडखळले. "हिला अशी जागा मिळाली असती तर—" दादा मात्र पाहुण्यांमध्ये मिरवत होता. डॉक्टर म्हणून सगळा भार माझ्यावर.

१९ जानेवारी
आज पैलवान आला. आमच्याच काच कारखान्यातला, वाळू दळायच्या खात्यातला. नाव तेवढं उरलंय, अंग नाही. जिन्यावर थांबत थांबत चढला. "डॉक्टरीणबाई, धूळ खाऊनच पोट भरलंय!" दोघंही हसलो. मग छाती तपासली. हसू पळालं.

१२ फेब्रुवारी
पैलवानाचं वजन वाढलं! खोकला उतरला. व्हरांड्यात बाकीच्यांना कुस्तीचे डाव समजावतो, खुर्चीवर बसूनच. आप्पा खूश — "पोरी, पैसा सार्थकी लागला."

१५ फेब्रुवारी
त्याची बायको आली होती. मला बाजूला नेऊन हात धरला.
"बाई, त्यांना पुरतं बरं करू नका."
मला कळेचना.
"बरे झाले की परत त्याच खात्यात जातील. थोडे आजारीच राहू द्या."
मी चिडले! भलतंच काय बोलता, म्हटलं. हात सोडवून घेतला.

२० फेब्रुवारी
पैलवानाला घरी सोडलं. सोमवारपासून कामावर.

६ एप्रिल
पैलवान परत आला. स्ट्रेचरवर.

८ एप्रिल
गेला.
बायको रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ एप्रिल
जेवताना विषय काढला. ते खातं बंद करा, नाहीतर धूळ ओढून घेणारी यंत्रं तरी बसवा. दादा उसळला — "कारखाना आहे म्हणून तुझं आरोग्यधाम आहे!" आप्पा ताटातून मान वर करेनात. तसेच म्हणाले, "तू माणसं बरी करतेस ना? तेवढं कर."
तेवढंच तर करतेय, आप्पा! बरी करून परत पाठवतेय.


२ मे
दादा उद्या पाहणीला येणार. जे धडधाकट दिसतील त्यांना कामावर नेणार. मी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, तो आला की खोका. खोकला येत नसला तरी खोका.