एका पानाचं मृत्युपत्र

३ जून
भर कोर्टात मान खाली. मी केलेल्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या वेगवेगळ्या दिवशीच्या निघाल्या. समोरचा वकील हसला. आमच्या सीनियर मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. संकल्प: यापुढे माझ्या मृत्युपत्राला कोणी बोट लावू शकणार नाही.

५ जून
शिवणवाल्या आजींकडे. अंथरुणाला खिळल्यात, पण जीभ कात्रीसारखी. घर त्यांची सेवा करणाऱ्या भाचीला द्यायचंय. मृत्युपत्र झालं नाही तर ते मुलाला जाईल, आणि त्याचा साधा फोनही येत नाही. मॅडम म्हणाल्या, एका पानाचं काम आहे, उद्या सही घेऊन टाक. अति घाई संकटात नेई! आधी 'वारसा-वाद: ज्युनियर वकिलांसाठी' हा कोर्स, मग सही. दर शनिवारी आहे.

१४ जून
वक्ते म्हणाले, मसुदा सुटसुटीत ठेवा. घरी येऊन तेवढ्यासाठी अकरा कलमं वाढवली. भाचीने विचारलं, तोवर साधंसं काही करता येणार नाही का. साधंसं! हिला काय कळतंय.

२१ जून
आजचा विषय: अशिलाचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे तपासणे. लगेच आजींना फोन करून वार विचारला. शनिवार, म्हणाल्या, आणि तुमचं शिकून कधी होणार? जवळजवळ झालंच, असं ठोकून दिलं.

२८ जून, सकाळी
भाचीचा फोन. मावशीला बरं नाही, आज याल का. नेमकं आजच शेवटचं सत्र: 'आजारी अशील आणि विलंबाचे धोके'. सोमवारी येतो म्हटलं.

दुपारी
किती विलंब चालेल, असं वक्त्यांनी विचारलं. मी ताडकन उठून म्हणालो, एक दिवससुद्धा नाही. टाळ्या.

३० जून
कडक इस्त्रीचा कोट, दोन साक्षीदार, एकच पेन. आजींच्या दाराशी माणसं जमलेली. पहाटेच गेल्या.
भाची रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मावशी रात्रभर विचारत होती, वकील आले का. मी सांगत होते, तुझ्याच कामाचं शिकतायत.
साक्षीदारांना परत पाठवलं.

११ जुलै
भाचीला आजींच्या मुलाची नोटीस आली, घर सोडावं म्हणून; प्रत आमच्या ऑफिसात. वकील तोच, हसणारा. मॅडम म्हणाल्या, बैल गेला आणि झोपा केला. आपल्यामुळेच झालं हे भाचीला तूच सांग, आणि वकीलही दुसरा बघायला सांग.
त्याच टपालात कोर्सचं प्रमाणपत्र. श्रेणी: उत्तम.
फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत भाचीनेच विचारलं, झालं का तुमचं शिकून, मग येता का आता, नोटीस बघायला.
लाजेने मेल्यासारखं झालं. हो म्हणालो.